विंचेस्टर हाउस : भुतांची गोष्ट आणि बाईची गोष्ट

भारतातून पाहुणे आले की आपली फिरायची यादी ठरलेली असते. गोल्डन गेट, योसेमिटी, आणि बरोबर मुलं असली तर सॅन होजेचं विंचेस्टर हाउस! छताला जाऊन टेकणारा जिना आणि उघडलं की समोर भिंत लागणारं दार पाहून मुलं खूश होतात, आजी मात्र रामनाम घेतात.

गोष्ट आपल्याला पाठ आहे. विंचेस्टर बंदुकांनी मेलेल्यांचे आत्मे मालकिणीच्या मागे लागले. ‘घर बांधत राहा, थांबलीस की संपलीस,’ असं तिला कुणीतरी सांगितलं. म्हणून ३८ वर्षं रात्रंदिवस हातोडे चालू होते, म्हणे.

आता खरी हकीकत ऐका. सारा पार्डी न्यू हेवनची. १८६२ मध्ये तिचं बंदुकवाल्या विंचेस्टरांच्या विल्यमशी लग्न झालं. १८६६ मध्ये मुलगी झाली, अ‍ॅनी. तिच्या अंगी दूध लागेना; जेमतेम सव्वा महिना जगली. पुन्हा मूल झालं नाही. डिसेंबर १८८० मध्ये सासरे गेले, मार्च १८८१ मध्ये क्षयाने नवरा गेला. हाती राहिला तो पैसा.

सारा कॅलिफोर्नियाला आली. १८८६ मध्ये तिने फळबागांच्या मुलखात आठ खोल्यांचं शेतघर घेतलं आणि स्वतःच्या डोक्याने वाढवत नेलं. आज तिथे सुमारे १६० खोल्या आहेत. पण काम अखंड चालू नव्हतं. अधूनमधून ती कामगारांना रजा देई, हे तिच्या पत्रांतूनच दिसतं. दोन-दोन इंचांच्या पायऱ्यांचा नागमोडी जिना कशासाठी? संधिवाताने तिला पाय उचलवत नसे म्हणून. १९०६ च्या भूकंपात सात मजली मनोरा कोसळला. पडझड झालेला भाग तिने पुन्हा बांधला नाही, त्यामुळे काही जिने आणि दारं अर्धवटच राहिली.

मग भुतं आली कुठून? एकटी, श्रीमंत, कुणाकडे फारशी न जाणारी विधवा. वर्तमानपत्रांनी तिच्या हयातीतच पराचा कावळा केला. १९२२ मध्ये ती वारली आणि पुढच्याच वर्षी घराला तिकीट लागलं. तिला ‘घर बांध’ म्हणून सांगणाऱ्याचा पुरावा २०१० मध्ये तिचं चरित्र लिहिणाऱ्या मेरी जो इग्नोफो यांना सापडला नाही. सापडतं ते हे, की तिने नवऱ्याच्या नावाने न्यू हेवनला क्षयरोग्यांच्या रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

आपल्याकडे अशा बाईला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून नावं ठेवत. इथे ‘झपाटलेली’ म्हणाले. फरक तो काय?

तेव्हा पुढच्या खेपेला मुलांना भुतांची गोष्ट जरूर सांगा, त्यांची मजा घालवू नका. फक्त घरी परत येताना गाडीत अ‍ॅनीचीही सांगा.