शब्दनगरीची वेस : 'मड' या खेळाचा परिचय

संगणकावरच्या ज्या खेळात चित्र मुळीच नसते, जे काही घडते ते मजकुराच्या ओळींतून पडद्यावर उतरते आणि दूरदूरच्या गावांतली अनेक माणसे एकाच वेळी एकाच कल्पित नगरीत वावरत असतात, त्या खेळाला 'मड' म्हणतात. 'मल्टी-यूझर डंजन' या नावाची ही आद्याक्षरे असून, त्यातला 'डंजन' हा शब्द एकट्याने खेळायच्या 'झॉर्क' या खेळाच्या फोरट्रान आवृत्तीच्या नावावरून घेतलेला आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 1978 मध्ये पहिला मड रचायला घेतला आणि रिचर्ड बार्टल या सहाध्याय्याने तो पुढे नेला. खेळाडूने 'उत्तर', 'पाहा', 'दिवा उचल' अशा अर्थाची छोटी आज्ञा टंकायची आणि यंत्राने त्या कृतीचे फळ वाक्यांत सांगायचे, एवढीच या खेळाची यंत्रणा आहे. मात्र त्याच खोलीत दुसरा खेळाडू असेल तर त्यालाही ती कृती दिसते, आणि या एका गोष्टीने गोष्टीच्या पुस्तकाचे गाव होते.

गाव म्हटले की त्याला वस्ती लागते. चित्रांच्या खेळाची जाहिरात एका झलकीत होऊ शकते, मडची होत नाही, कारण त्याचे वैभव वाचल्याशिवाय कळत नाही आणि वाचण्यासाठी आधी आत यावे लागते. शिवाय आत आलेल्याला जे हवे असते ते बहुधा दुसरे माणूसच असते. त्यामुळे ओस नगरीत आलेला पाहुणा थांबत नाही आणि पाहुणे थांबत नाहीत म्हणून नगरी ओस राहते, असा पेच प्रत्येक नव्या मडपुढे उभा राहतो. मडचा इतिहास हा बऱ्याच अंशी या पेचातून वाट काढण्याचा इतिहास आहे.

आरंभी ही वाट विद्यापीठांच्या यंत्रांनीच करून दिली. एसेक्स विद्यापीठ 1980 मध्ये आर्पानेट या अमेरिकी संगणकजाळ्याशी जोडले गेल्यावर बाहेरच्या लोकांना तेथे प्रवेश मिळू लागला. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ येथे ॲलन कॉक्स यांनी सहकाऱ्यांसह 1987 मध्ये 'ॲबरमड' लिहिला. तो सी या संगणकभाषेत आल्यावर विद्यापीठाविद्यापीठांच्या युनिक्स यंत्रांवर पसरला, आणि वस्ती जमवण्यासाठी कोणाला साद घालावी लागली नाही, कारण प्रयोगशाळेत शेजारी बसलेला विद्यार्थी हाच पहिला रहिवासी होता. कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनेस यांनी 1989 मध्ये रचलेल्या 'टायनीमड'ने तर लढाई जवळजवळ बाजूला सारली आणि आलेल्या कोणालाही स्वतःच्या खोल्या बांधण्याची मुभा दिली. त्याच वर्षी स्वीडनमधल्या लार्स पेन्शो यांच्या 'एलपीमड'मध्ये खेळात वरच्या पायरीला पोहोचलेला खेळाडू 'विझार्ड' होऊन नगरीचे नवे भाग स्वतः लिहू लागला. माणूस पाहुणा म्हणून येतो आणि घर बांधले की गावकरी होतो, हे या दोन्ही रचनांनी फार लवकर ओळखले होते.

कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाला डॅनिश भाषेत 'डिकू' असे लघुनाव आहे. तेथील पाच विद्यार्थ्यांनी रचलेल्या आणि 1991 मध्ये खुल्या केलेल्या 'डिकूमड'ने मात्र सुबत्ता आणि संकट अशा दोन्ही गोष्टी एकदम आणल्या. त्याची मूळ संहिता, म्हणजे खेळ ज्या ओळींनी चालतो त्या लिखित आज्ञांचा संच, कोणालाही मिळत असे. मुख्य अटी अशा की त्यातून नफा कमवू नये आणि प्रवेशाच्या वेळी मूळ रचनाकारांची नावे दाखवावीत. परिणामी ज्याच्या हाती यंत्र होते त्याला पाहता पाहता मड उभारता येऊ लागला. संहितेबरोबर मिडगार्ड नावाची एक तयार नगरीही येत असे. नव्या खेळाडूला जाग यायची ती संगमरवराच्या प्रचंड चिऱ्यांनी बांधलेल्या मंदिरात, जिथल्या भिंतींवर देव, राक्षस आणि शेतकरी यांची जुनी चित्रे आहेत आणि जिथून रुंद पायऱ्या खालच्या चौकात उतरतात. हे वर्णन सुरेखच आहे. पण तेच मंदिर आणि तोच चौक असंख्य मडांमध्ये जसाच्या तसा राहिला, आणि ज्याने एक मिडगार्ड पाहिले त्याला दुसऱ्यात पाऊल ठेवताच आपण नव्या गावी आलो असे वाटेना. पहिल्या चार खोल्यादेखील स्वतःच्या हाताने न लिहिता दारावर तोरण बांधणाऱ्या रचनाकारांना खेळाडू मिळाले नाहीत, यात दोष खेळाडूंचा नव्हता.

प्रवेशाचा तो क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. टेलनेट या जुन्या जोडणीपद्धतीने खेळाचा पत्ता आणि पोर्ट नावाचा क्रमांक दिला की पडद्यावर अक्षरांनी रेखलेली एखादी नक्षी येते आणि तिच्याखाली एकच प्रश्न उभा राहतो : तुला कोणत्या नावाने ओळखावे? नाव दिले, ते बरोबर आहे ना हे यंत्राने विचारले, परवलीचा शब्द ठरला, की नवखा खेळाडू एकदम मजकुराच्या लोंढ्यात उभा असतो. या पहिल्या अर्ध्या तासात त्याला 'हू' ही आज्ञा फार उपयोगी पडते, कारण ती टंकली की या घटकेला नगरीत कोण कोण आहे त्यांची यादी येते. यादीत नावे असली आणि त्यांपैकी एकाने नवख्यांसाठी राखलेल्या संभाषणवाहिनीवर 'ये, दिवा कुठे मिळतो ते दाखवतो' एवढे म्हटले, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी परत येण्याची आशा धरता येते. जाणते मडचालक जुन्या खेळाडूंमधून असे वाटाडे नेमून ठेवतात, आणि ही नेमणूक कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची मानली पाहिजे.

आलेले सगळे एकाच ओढीने येत नाहीत, हे बार्टल यांनी 1996 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात पत्त्यांच्या चार रंगांनी मांडले. संपत्ती आणि पायऱ्या मिळवणारे ते चौकट, कानाकोपरा खणून पाहणारे ते इस्पिक, माणसांसाठी येणारे ते बदाम, आणि दुसऱ्यांवर सत्ता गाजवू पाहणारे ते किलवर. या निबंधाची खरी ताकद या चार नावांत नसून त्यांच्या परस्परपरिणामात आहे : किलवर वाढले की बदाम निघून जातात, आणि बदाम गेले की नगरीतले बोलणेच थांबते. तेव्हा केवळ डोकी वाढवण्यासाठी दार सताड उघडणाऱ्या मडची वस्ती पुढे घटूही शकते.

पाहुण्यांना नगरीची वाट सापडावी म्हणून मडच्या सूच्या आणि मतदानावर चालणाऱ्या क्रमवाऱ्याही निघाल्या. पुढे 'एमएसएसपी' नावाची एक रीत ठरली, जिच्यामुळे मड स्वतःच आपले नाव, चालू खेळाडूंची संख्या आणि यंत्र किती वेळ सलग सुरू आहे याची माहिती विचारणाऱ्या यंत्राला सांगतो. यांचा उपयोग आहे, पण मर्यादित. कारण सूची चाळणारा बहुधा आधीच मड खेळणारा असतो, आणि त्याने गाव बदलले तरी एकूण वस्ती वाढत नाही.

खरोखर नवे रहिवासी आले ते मात्र एका वेगळ्या दिशेने. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने दृष्टिहीन व्यक्ती मडमध्ये डोळस खेळाडूंच्या बरोबरीने लढू, बोलू आणि बांधू शकतात, कारण तेथे कोणालाच चित्र दिसत नसते. ज्या मडांनी अक्षरांच्या नक्षीने काढलेले नकाशे बंद करण्याची सोय दिली आणि लढाईच्या ओळी आखूड केल्या, त्यांनी या खेळाडूंना आपलेसे केले. शब्दांपुरते उरणे ही ज्या खेळप्रकाराची उणीव मानली गेली, तिनेच या माणसांना हक्काची नगरी दिली, आणि मडच्या इतिहासातले हे सर्वांत अभिमानाचे पान आहे.

मराठीत मड उभारायचा तर अडचण दोन ठिकाणी येते. इंग्रजी मड आज्ञेचा पहिला शब्द क्रियापद आहे असे धरून चालतो, तर मराठीत क्रियापद शेवटी येते. शिवाय 'दिवा' पुढे 'दिव्यात तेल घाल' म्हणताना 'दिव्या' होतो, तेव्हा हे सामान्यरूप ओळखून मूळ वस्तू शोधण्याची तजवीज संहितेत करावी लागेल. हे काम कष्टाचे असले तरी भाषेवर प्रेम असणाऱ्याला आनंद देणारे आहे. दुसरी अडचण त्याहून आधीची, थेट वेशीवरची आहे. डिकू घराण्यातल्या अनेक जुन्या संहिता साध्या इंग्रजी अक्षरसंचाबाहेरचे प्रत्येक चिन्ह वाचतानाच गाळून टाकतात. त्यामुळे 'तुला कोणत्या नावाने ओळखावे?' या प्रश्नाला कोणी देवनागरीत 'मुक्ता' असे उत्तर दिले, तर यंत्रापर्यंत कोरी ओळ पोहोचते. मराठी मडच्या रचनाकाराला दुरुस्तीची पहिली ओळ तिथेच लिहावी लागेल.