दाब तर नॉर्मल होता

1957 साल, कोलंबियातलं बोगोटा. मोटार अपघातात डोक्याला मार लागलेला 16 वर्षांचा मुलगा. मेंदूवर साठलेलं रक्त काढलं, तरी पोरगा शुद्धीवर येईना. न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम यांनी मेंदूचं चित्र काढायचं ठरवलं.

तेव्हा सीटी स्कॅन नव्हता. पाठीत सुई घालून मेंदूभोवतीचं थोडं पाणी काढायचं, त्या जागी हवा सोडायची, ती वर चढली की एक्स-रे घ्यायचा. रुग्णाचं डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या. या मुलाच्या चित्रात मेंदूतल्या पोकळ्या चांगल्याच फुगलेल्या दिसल्या. म्हणजे पाणी तुंबलंय, दाब वाढलेला असणार! मोजला, तर पाण्याच्या 150 मिलिमीटर उंचीइतका. नॉर्मल.

इथे कुणीही फाइल मिटली असती. हाकिमनी तपासणीपुरतं 15 मिलिलिटर, म्हणजे जेमतेम तीन चमचे पाणी काढलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलगा बोलू लागला.

मग पुन्हा ग्लानी. पुन्हा पाणी काढलं, पुन्हा तो सावरला. शेवटी मेंदूतून हृदयाकडे पाणी नेणारी नळी, म्हणजे शंट, बसवला. मुलगा परत शाळेत गेला.

नॉर्मल दाबानं एवढी हानी होते कशी? गॅरेजमधला हायड्रॉलिक जॅक आठवा. दाब तोच, पण पृष्ठभाग मोठा असला की जोर वाढतो आणि मोटार उचलली जाते. पोकळी एकदा फुगली की साध्या दाबालाही भिंती ताणायला बळ मिळतं, असं हाकिम यांचं म्हणणं. आज ते जसंच्या तसं कुणी मानत नाही, पण त्यामुळे वाट सापडली.

ती वाट म्हाताऱ्या माणसांकडे गेली. त्यांच्यातल्या काहींच्याही पोकळ्या फुगलेल्या, दाब मात्र नॉर्मल. लक्षणं तीन: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, विसरभोळेपणा आणि लघवीवर ताबा नसणं. यातलं एकेक घ्या, घरचे म्हणणार, वय झालं आता. 1965 मध्ये बोस्टनच्या डॉ. रेमंड अ‍ॅडम्स प्रभृतींसह हाकिमनी अशा रुग्णांवर शोधनिबंध छापला. त्याच्या शीर्षकातच हा आजार उपचारानं सुधारतो, असं म्हटलं होतं.

पण लघवीचा मेंदूतल्या पाण्याशी संबंध काय? 1964 मध्ये लंडनच्या अँड्र्यू आणि नेथन या डॉक्टरांनी कपाळामागच्या मेंदूला इजा झालेले रुग्ण अभ्यासले होते. ‘आत्ता नको, थांब’ हा हुकूम मूत्राशयाला तिथून सुटतो. पोकळ्यांची पुढची टोकं नेमकी त्याच भागात असतात. ती फुगली की शेजारचे तंतू ताणले जातात. घाई होते, त्यात पाय उचलत नाहीत, बाथरूम गाठेपर्यंत कपडे भिजतात. अँड्र्यू-नेथन यांच्या रुग्णांना आपलं काय होतंय याची पुरेपूर जाणीव होती. ते शरमेनं खचून जात. चाल आणि विसर निदान सांगता तरी येतो, ही तक्रार मात्र डायपरच्या पाकिटात दडून राहते.

आता एमआरआयमध्ये पोकळ्या विनासायास दिसतात. शंका आली, तर शंट बसवण्याआधी पाठीतून 30 ते 50 मिलिलिटर पाणी काढून पाहतात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पाणी काढण्यापूर्वी रुग्णाला कॉरिडॉरमध्ये चालवतात आणि वेळ मोजतात. नंतर पुन्हा तेवढंच अंतर. नातेवाईक भिंतीला टेकून पावलं मोजत उभे असतात.