उतरलेलें वजन पुन्हां चढतें तेव्हां

२०२३ सालच्या गणेशचतुर्थीस मी पुण्यास माहेरीं गेलें होतें. आरती आटोपली, पानें वाढलीं, मोदकांवर तूप पडलें. पण माझ्या थोरल्या वहिनी कोठें दिसेनात. स्वयंपाकघरांत नाहींत, देवघरांत नाहींत. शेवटीं मागल्या खोलींत दार लोटून बसलेल्या सांपडल्या. बाहेर मुंबईच्या आत्याबाई येऊन बसल्या होत्या. चार वर्षांपूर्वीं याच आत्याबाईंनीं "अग, ओळखूंसुद्धां आली नाहींस!" म्हणून वहिनींचें तोंड भरून कौतुक केलें होतें. आतां त्यांच्यासमोर जाणें वहिनींच्या जिवावर आलें होतें. मला पाहून त्या म्हणाल्या, "वन्सं, एवढे पैसे ओतले, पोट कापून घेतलें, आणि शेवटीं हें ध्यान! काय सांगूं त्यांना?"

वहिनींवर २०१८ सालीं लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झाली होती. त्या वेळीं त्यांचें वजन ११२ किलो होतें. मधुमेह जडलेला, गुडघे धरलेले, दोन जिने चढावयाचे म्हणजे धाप लागे. दीड वर्षांत वजन ७१ किलोवर आलें आणि मधुमेहाचीं औषधें सुटलीं. त्यानंतर कांटा हळूहळू उलट फिरूं लागला, तो त्या दिवशीं ८६ वर होता. परंतु याहून गंभीर गोष्ट मला त्या खोलींत कळली. वजन वाढूं लागल्यापासून लाजेनें त्यांनीं दोन वर्षें डॉक्टरांकडे पाऊल टाकलें नव्हतें. जन्मभर घ्यावयाच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्याहि "आतां कशाला?" म्हणून सोडल्या होत्या, आणि पायांना मुंग्या येतात, हें कोणासहि सांगितलें नव्हतें.

या शस्त्रक्रियेच्या यशाच्या कथा सर्वजण आवडीनें ऐकतात. पुढें काय होतें याविषयीं मात्र घराघरांत मौन असतें. त्या मौनामुळें किती नुकसान होतें हें मीं डोळ्यांनीं पाहिलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

जठर लहान होतें, पण भूक?

अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे शल्यवैद्य एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं जठराचा लहानसा भाग वेगळा करून तो आंतड्यास जोडण्याची रीत प्रथम लठ्ठपणासाठीं योजिली. अन्न जठराच्या मोठ्या भागास वळसा घालून जातें म्हणून तिला 'बायपास' म्हणतात. हल्लीं आपल्याकडे पुष्कळ प्रमाणांत होते ती 'स्लीव्ह'. तींत जठराचा सुमारें तीनचतुर्थांश भाग काढून टाकतात आणि अंगरख्याच्या बाहीसारखी अरुंद नळी तेवढी मागें ठेवतात. वहिनींची शस्त्रक्रिया या दुसऱ्या प्रकारची होती.

या शस्त्रक्रियेनें केवळ पिशवी लहान होते असें नाहीं. जठराच्या वरच्या फुगीर भागांत 'घ्रेलिन' नांवाचा भूक चेतविणारा स्राव तयार होतो. त्याचा शोध १९९९ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं लाविला. स्लीव्हमध्यें तो भागच निघून गेल्यामुळें प्रारंभीं भूक आश्चर्यकारक रीतीनें मंदावते. आंतड्यांतून निघणारे तृप्तीचे स्रावहि वाढतात. पहिलें वर्ष-दीड वर्ष "खावेंसें वाटतच नाहीं" असें रुग्ण सांगतो, तें खरेंच असतें. पण हा मधुचंद्र कायमचा नव्हे. भूक थोडीथोडी परत येते, जठराची नळी कांहींशी सैलावते, आणि शरीर आपलें जुनें वजन परत मिळविण्याच्या उद्योगास लागतें.

शरीराचा हा हट्ट कांहीं नवीन नाहीं. १९४४–४५ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत अॅन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांस चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेवून पाहिलें. त्या तरुणांस दिवसरात्र अन्नाचाच ध्यास लागला. शरीराचा खर्च कमी झाला. आणि पुढें पोटभर अन्न मिळूं लागल्यावर अंगावर चरबी आधींपेक्षांहि अधिक चढली. हीं माणसें दुबळ्या मनाचीं होतीं असें कोण म्हणेल? दुष्काळांत टिकून राहण्यासाठीं निसर्गानें दिलेली ही तजवीज आहे. वजन उतरलें कीं शरीर त्यास दुष्काळ समजतें.

म्हणूनच थोडेंबहुत वजन परत येणें हा या शस्त्रक्रियेचा ठरलेला भाग आहे. स्वीडनमध्यें १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या पाहणींत बायपास झालेल्या रुग्णांचें वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरीनें ३२ टक्के घटलें; दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर स्थिर झाली. म्हणजे शंभर किलोचा मनुष्य ६८ वर उतरला आणि ७५ वर येऊन थांबला. तरीहि या पाहणींत शस्त्रक्रिया झालेल्यांचें मृत्यूचें प्रमाण, न झालेल्या तशाच स्थूल माणसांपेक्षां कमी आढळलें. सात किलो परत आले म्हणून बाकीच्या पंचवीस किलोंचा लाभ वायां जात नाहीं, हें रुग्णानें व घरच्यांनीं प्रथम समजून घेतलें पाहिजे.

घरांत दडलेलीं कारणें

तथापि सर्वच वाढ निसर्गाच्या माथीं मारून चालत नाहीं. माझ्या वहिनी अकरा माणसांच्या घरांत वावरतात. सकाळपासून चहा चार वेळां, प्रत्येक वेळीं साखरेचा. फोडणी घातली कीं चव पाहावयाची, मुलांनीं टाकलेलें उष्टें 'फुकट जाऊं नये' म्हणून तोंडांत टाकावयाचें, सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर दीड-दोन वाजतां ओट्यापाशीं उभ्याउभ्याच चार घास खावयाचे. पान मांडून बसून जेवण असें नाहींच. त्यांना विचारलें तर त्या शपथेवर सांगत कीं, "मी खातें तरी काय?" आणि तें त्यांना खरेंहि वाटे. दिवसभर असें चरत राहणें हें वजन परत येण्याचें एक प्रमुख कारण मानलें जातें.

दुसरी गोष्ट मऊ अन्नाची. लहान झालेल्या जठरांत भाकरी, उसळ, कोशिंबीर हीं थोड्या घासांतच दाटून येतात. याउलट श्रीखंड, शिरा, आइस्क्रीम, गोड सरबत हीं सरकन् उतरून जातात. पोट भरल्याची जाणीव होत नाहीं आणि उष्मांक मात्र भरपूर मिळतात. एकादशीची साबूदाण्याची खिचडी पचावयास हलकी म्हणून आपण समजतों. पण तींत पिष्ट, तूप व दाण्याचें कूट यांवांचून दुसरें काय असतें? जेवतांना वरचेवर पाणी प्यावयाची संवयहि अशीच घातक. अन्न पातळ होऊन लवकर पुढें सरकतें. म्हणून जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊं नये असें सांगतात.

याशिवाय शरीरांतील कारणेंहि असतात. थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा, गरोदरपण, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा मनोविकारांवरील कांहीं औषधें, अपुरी झोंप, मनाचें दुखणें, मद्यपान, यांपैकीं कोणतेंहि एक पुरेसें होतें. क्वचित् शस्त्रक्रियेच्या रचनेंतच बदल झालेला असतो. आपल्या रुग्णास यांतील कोणतें कारण लागू आहे, हें तपासल्यावांचून घरच्यांनीं निवाडा देऊं नये.

उपाय कोणता?

पहिला उपाय म्हणजे डॉक्टरांकडे परत जाणें. वहिनींबरोबर मी स्वतः गेलें. त्यांना वाटत होतें कीं, आतां कानउघाडणी होणार. डॉक्टरांनीं मात्र शांतपणें पूर्वींचे आंकडे समोर ठेविले आणि म्हणाले, "तुम्ही उशिरां आलांत एवढाच तुमचा अपराध." रक्ताच्या तपासणींत बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघालें. स्लीव्हनंतर या जीवनसत्त्वाचें शोषण घटतें, आणि शाकाहारी घरांत तें दूधदुभत्यांतूनच काय तें मिळतें. म्हणून आपल्या लोकांनीं याविषयीं दुप्पट सावध असावें. पायांच्या मुंग्यांचें मूळ हेंच होतें. वजनाच्या लाजेपायीं मज्जातंतूंस कायमची इजा व्हावयाची वेळ आली होती! बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व यांची तपासणी व गोळ्या वजन चढो वा उतरो, जन्मभर चालू राहिल्या पाहिजेत.

दुसरा उपाय आहाराचा. दिवसांतून ठराविक वेळीं, बसून, सावकाश चावून जेवावें. पानांतील प्रथिनें आधीं संपवावीं. दिवसास निदान ६० ग्रॅम प्रथिनें हवींत असें तज्ज्ञ सांगतात. पातळ वरणाच्या वाटींतून तीं फार थोडीं मिळतात. म्हणून घट्ट डाळ, मोडाच्या उसळी, पनीर, चक्का, सोयाबीन यांची जोड द्यावी. आठवड्यांतून एकदां, एकाच वेळीं वजन करून वहींत टिपावें. दोन-तीन किलो वाढतांच सावध होणें पंधरा किलोंनंतर सावध होण्यापेक्षां सोपें असतें. नुसत्या चालण्यानें भागत नाहीं; स्नायु टिकावे म्हणून वजनें उचलण्याचा किंवा उठाबशांसारखा व्यायामहि हवा.

तिसरा उपाय औषधांचा. तृप्तीच्या आंत्रस्रावांचें अनुकरण करणारीं इंजेक्शनें आतां निघालीं आहेत. लिराग्लुटाइड या औषधाची लंडन येथें शस्त्रक्रियेनंतर वजन पुरेसें न उतरलेल्या ७० रुग्णांवर परीक्षा झाली; २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चोवीस आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचें वजन जवळजवळ नऊ टक्के घटलें, तर न घेणाऱ्यांचें अर्धा टक्का. त्याहून प्रभावी अशीं टिर्झेपेटाइड व सेमाग्लुटाइड हीं आठवड्यांतून एकदां घ्यावयाचीं इंजेक्शनें लठ्ठपणासाठीं २०२५ सालीं भारतांत आलीं. पण औषध थांबलें कीं वजन बहुतांशीं परत येतें. शिवाय मळमळ, बद्धकोष्ठ असे त्रास आहेत आणि खर्चहि मोठा आहे. शेजारणीनें घेतलें म्हणून आपण घेण्याजोगें हें औषध नव्हे.

रचनेंतच दोष आढळल्यास दुसरी शस्त्रक्रिया करतां येते. स्लीव्हचें रूपांतर बायपासमध्यें होतें. परंतु दुसऱ्या वेळचा धोका पहिल्यापेक्षां अधिक असतो. आमच्या वहिनींस तिची गरज नाहीं असें दुर्बिणीच्या तपासणीनंतर ठरलें.

घरच्यांचें कर्तव्य

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट लिहितें. माझ्याच माहेरची असली तरी. "एका मोदकानें काय होतंय? घे ग!" असा आग्रह आई करीत असे, आणि वजनाची गोष्ट निघतांच "एवढे पैसे पाण्यांत गेले" असें दादा म्हणत असे. एकीकडे आग्रह आणि दुसरीकडे टोमणा, या कात्रींत सांपडलेली सून दार लोटून बसेल नाहीं तर काय करील? आग्रह हें आपल्याकडे प्रेमाचें चिन्ह आहे हें मान्य. पण जिचें जठर मुठीएवढें उरलें आहे तिला आग्रह करणें हें प्रेम नव्हे. आणि टोमण्यानें आजवर कोणाचें वजन उतरल्याचें ऐकिवांत नाहीं. टोमण्यानें रुग्ण डॉक्टरांपासून दूर जातो, एवढेंच होतें.

त्या गणपतीनंतर आईनें, सत्तर वर्षांची संवय मोडून, एक नियम केला. वहिनींनीं पहिल्या पंक्तीस बसावयाचें. मागचें वाढणें पुरुषांनीं व मुलांनीं करावयाचें. पहिले दिवस सर्वांनाच अवघडल्यासारखें झालें, वहिनींना तर फारच. दादास भात वाढतां येत नव्हता, तो आतां येतो. उष्टें टाकण्यासाठीं मुलांस बोलणीं बसूं लागलीं, म्हणून तीं पानांत कमी घेऊं लागलीं.

वहिनींचें वजन ७१ वर परत गेलें नाहीं, आणि बहुधा जाणारहि नाहीं. २०२५ च्या गणपतींत तें ७९ होतें; पायांच्या मुंग्या थांबल्या होत्या आणि साखर आटोक्यांत होती. आत्याबाई आल्या होत्या. वहिनी पहिल्या पंक्तींत त्यांच्या शेजारीं बसल्या, पानावर एक मोदक घेतला, आणि तो सावकाश, चवीनें, पूर्ण खाल्ला. दुसरा कोणी वाढला नाहीं.