गोडादऱ्यातून पक्षी मोजायचे कसे? पंधरा मिनिटं आणि खरी नोंद पुरते

गोडादरा (सुरत) : थंडी पडली की तापीच्या पुलांवर आणि कॉजवेजवळ सकाळी गर्दी जमते. पांढऱ्या पक्ष्यांचे थवे पाण्यावर घिरट्या घालतात आणि लोक मोबाईलवर व्हिडिओ काढतात. बरेच जण त्यांना बगळे म्हणतात, पण ते बगळे नाहीत, कुरव आहेत. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तलावांकाठी वीण करतो आणि हिवाळा काढायला इकडे येतो.

असे किती पक्षी आले आणि गेल्या वर्षीपेक्षा वाढले की घटले, हे सांगायला मोजणी लागते. ती करायला दरवेळी तज्ज्ञच हवा असं नाही. गोडादरा, लिंबायत, डिंडोलीतल्या घराच्या गच्चीवरूनही ती करता येते.

गणना कोणत्या?

हिवाळ्यात दोन गणना महत्त्वाच्या. पहिली आशियाई पाणपक्षी गणना. ती १९८७ पासून दर जानेवारीत होते. तलाव, धरणं, नद्या, खाड्या अशा ठरलेल्या जागांवर स्वयंसेवक पाणपक्षी मोजतात. सुरतेत डुमसकडच्या बाजूचा गवियर तलाव पक्षीनिरीक्षकांच्या ओळखीचा आहे. इकडे खान्देशात भुसावळजवळच्या हतनूर धरणावर हिवाळी पाहुणे उतरतात. दोन्हीकडची माणसं तापीकाठचीच. मध्ये राज्याची हद्द आहे, ती पक्ष्यांना माहीत नाही. म्हणून दोन्हीकडची मोजणी झाली तरच हिशेब पूर्ण होतो.

दुसरी गणना अंगणातल्या पक्ष्यांची. ती अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झाली. भारतातले पक्षीनिरीक्षक २०१३ पासून तिच्यात भाग घेतात. फेब्रुवारीच्या मध्यात शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस ती चालते. किमान पंधरा मिनिटं पक्षी पाहायचे आणि यादी ई-बर्डवर टाकायची, एवढंच. फी नाही आणि जागाही आपणच निवडायची.

गच्चीवरून काय दिसेल?

चिमणी, कबुतर, साळुंकी, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, घार हे बारमाही. खाडीच्या किंवा तलावाच्या कडेला गेलात तर वंचक, गायबगळा, शेकाट्या. हिवाळ्यात यांच्यात शेपटी वरखाली हलवणारा धोबी आणि काठाकाठाने चालणारा तुतवार मिळतो. भोरड्यांचे थवेही आकाशात दिसू शकतात. ज्वारीच्या शेतात गोफण घेऊन उभं राहिलेल्याला भोरडी वेगळी सांगायला नको.

कुरव ओळखताना मात्र फसगत होते. नाव 'तपकिरी डोक्याचा', पण हिवाळ्यात डोकं पांढरंच असतं, कानाजवळ फक्त गडद डाग राहतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तसंच. मोठा पक्षी उडताना पंख पाहावेत. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या पंखटोकावर पांढरे ठिपके असतात, काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी असते.

मोजायची रीत

• जागा आणि वेळ ठरवा. दर आठवड्याला तिथेच, त्याच सुमारास बसा. सकाळची वेळ चांगली.
• सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा.
• दिसलेले सगळे पक्षी लिहा. फक्त 'खास' पक्षी लिहिले, कबुतर-कावळा सोडले, तर यादी अपुरी राहते.
• थवा मोठा असेल तर आधी दहा मोजा, ते दहा किती जागा व्यापतात ते पाहा आणि तसे किती गट बसतात यावरून अंदाज घ्या.
• तोच पक्षी परत परत येत असेल तर एकदाच धरा.
• ओळखला नाही तर अंदाजाने नाव घालू नका. तो तसाच सोडणं बरं.

चुकीची नोंद महाग पडते

शेवटची सूचना किरकोळ वाटेल, पण तिच्यामागे याच पट्ट्यातला धडा आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा नमुना १८८४ मध्ये खान्देशात मिळाला होता. पुढे रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्याला १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला हा पक्षी मिळाल्याचा दावा केला. मांडवी म्हणजे आजचा सुरत जिल्हा. तो दावा खोटा होता. संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ आणि त्यांच्या साथीदारांनी ती नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. मधे ११३ वर्षं गेली होती.

यादीचं पुढे काय होतं?

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल ९४२ जातींचा आढावा घेतो. त्यातल्या १७८ जातींना संवर्धनात सर्वाधिक प्राधान्य द्यावं, असं तो सांगतो. हा अहवाल तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यात गच्चीवरच्या याद्याही येतात.

वस्ती वाढते तशी पाणथळ जागा भरली जाते. उद्या कुणी विचारलं, 'इथे पक्षी होतेच कुठे?' तर उत्तर नोंदीतच मिळेल. वहीत पान कोरं असेल तर तिथे पक्षी नव्हते असं ठरत नाही, पण होते हेही सिद्ध करता येत नाही.

दोन पथ्यं

कुरवांना गाठिया टाकू नका. तळलेलं, खारट खाणं त्यांचं अन्न नाही. मासे, किडे त्यांचे ते शोधतात. दुसरं, उत्तरायणात पहाटे आणि संध्याकाळी पक्षी थव्याने ये-जा करतात. त्या वेळी पतंग खाली ठेवा. मांज्याने जखमी पक्षी दिसला तर गुजरातेत १९६२ या क्रमांकावर कळवा.

बाकी साहित्य म्हणजे वही, पेन आणि घड्याळ. दुर्बीण असली तर चांगलंच, नसली तरी अडत नाही. येत्या रविवारी पंधरा मिनिटं काढा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी बसाल तेव्हा ताडून पाहायला हे पान हाताशी असेल.