पडदा जोडला की वाय-फाय का अडखळते?

कर्जत तालुक्यातील खांडस-कशेळे भागात किंवा खालापूर तालुक्यात चौकच्या आसपास डोंगर अगदी उशाशी आहेत. मोबाइलचा मनोरा डोंगराआड गेला की घराच्या प्रत्येक खोलीत रेंज मिळेलच असे नाही. मग मोबाइल खिडकीत, जिथे रेंज येते तिथे ठेवायचा, त्याचा हॉटस्पॉट सुरू करायचा आणि आतल्या खोलीत लॅपटॉपवर अभ्यास करायचा, हा एक सोपा उपाय आहे.

समजा, असाच एक तास लॅपटॉपवर सुरळीत चालू आहे. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून कोणीतरी लॅपटॉपला केबलने मोठा मॉनिटर जोडतो. चित्र झकास येते, पण बाईंचा आवाज मात्र तुटू लागतो. केबल काढली की सारे पूर्ववत! शाळेतही लॅपटॉप वर्गातल्या मोठ्या पडद्याला जोडल्यावर हाच अनुभव येऊ शकतो. चित्र जाते तारेतून आणि इंटरनेट येते हवेतून; मग या दोघांचे वैर कशामुळे? नवा राउटर विकत घेण्यापूर्वी किंवा इंटरनेट कंपनीकडे तक्रार करण्यापूर्वी या प्रश्नाचा छडा लावला, तर घरचे पैसे वाचतील.

पत्र्यावरचा पाऊस

पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली भरलेला वर्ग आठवा. सर नेहमीच्याच आवाजात शिकवीत असतात. सर आली की पत्र्यावर असा ताशा वाजू लागतो, की मागच्या बाकावर काही ऐकू येत नाही. पुढच्या बाकावर मात्र थोडेफार कळते. सरांचा आवाज कमी झालेला नसतो. गोंगाट वाढलेला असतो. ऐकू येणे हे नुसत्या आवाजावर नव्हे, तर आवाज आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते.

वाय-फायचेही असेच आहे. गोंगाट वाढला की लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांशी सावकाश बोलू लागतात आणि न पोहोचलेला मजकूर पुन्हा पुन्हा पाठवितात. त्यामुळे वेग घटतो. मोबाइल लॅपटॉपच्या शेजारी असेल, तर तो पुढच्या बाकावर आहे. दूरच्या खिडकीत असेल, तर मागच्या बाकावर. म्हणून एकच केबल एका घरात निरुपद्रवी ठरते आणि दुसऱ्या घरात काम बंद पाडते.

तार म्हणजेच अँटेना

पण केबलमधून गोंगाट येतो कोठून? हाइन्रिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1887 साली विजेच्या ठिणगीपासून रेडिओ तरंग निर्माण करून दाखविले. कर्जत स्थानकात घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. अशा इंजिनाच्या माथ्यावरील सांगाडा आणि वरची विजेची तार यांच्यामध्ये ठिणगी उडाली, तर जवळच्या घरातील मध्यम लहरींच्या रेडिओत खरखर उमटते. वीजप्रवाह झटकन बदलला की रेडिओ तरंग बाहेर पडतात, हे यामागचे तत्त्व होय.

मॉनिटरच्या केबलमध्ये ठिणगी नसते, पण प्रवाह सेकंदाला कोट्यवधी वेळा बदलत असतो. हे तरंग बाहेर पडू नयेत म्हणून केबलमध्ये तारांच्या जोड्या वापरतात. जोडीतील दोन तारांत परस्परविरुद्ध प्रवाह असल्याने त्यांचे परिणाम एकमेकांना छेदतात. शिवाय भोवती धातूचे कवच असते. मात्र कवच पातळ असेल किंवा टोकाशी नीट जोडलेले नसेल, तर काही ऊर्जा बाहेर झिरपते. ती फार थोडी असते, पण लॅपटॉपची अँटेना तिच्यापासून वीतभर अंतरावर असते!

थोडी आकडेमोड

दर सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात. सेकंदाला दहा लक्ष आंदोलने म्हणजे 1 मेगाहर्ट्झ. वाय-फायचा जुना आणि सर्वत्र आढळणारा पट्टा 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ हा आहे. ब्लूटूथ आणि बिनतारी माऊस यांची गर्दीही त्यातच असते.

एचडीएमआय केबलमध्ये चित्राबरोबर घड्याळाच्या ठोक्यांसारखा एक संकेत जातो. पडद्यावर आडवे 2560 व उभे 1440 ठिपके असतील आणि चित्र सेकंदाला 60 वेळा बदलत असेल, तर या ठोक्यांची कंप्रता सामान्यतः 241.5 मेगाहर्ट्झ असते. तंतुवाद्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतले स्वर निघतात, तसे येथेही होते. आता 241.5 ला 10 ने गुणा. उत्तर येते 2415. म्हणजे थेट वाय-फायच्या पट्ट्यात! पहिल्या वाय-फाय चॅनेलचा मध्य 2412 वर आहे. 2019 साली रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक बाजारात आल्यावर, पडदा याच मापावर ठेवला की वाय-फाय बंद पडते, असे वापरणाऱ्यांना आढळून आले होते.

आता 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचा पडदा घ्या. तेथे ठोक्यांची कंप्रता 148.5 मेगाहर्ट्झ असते. तिची सोळापट 2376 आणि सतरापट 2524.5. एक पट्ट्याच्या खाली, दुसरी पट्ट्याच्या वर! म्हणून कधी कधी पडद्याचे माप बदलताच दुखणे पळते.

दुसरा संशयित म्हणजे लॅपटॉप आणि मॉनिटर यांच्यामधला यूएसबी हब किंवा डॉक. यूएसबी 3 मधून सेकंदाला 500 कोटी अंक धावतात आणि त्यांचा गोंगाट वाय-फायच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेल कंपनीने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, यूएसबी 3 ची डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातील गोंगाट सुमारे 20 डेसिबलने, म्हणजे शंभरपट, वाढल्याचे दिसले.

तिसरे कारण अगदी साधे आहे. अनेक लॅपटॉपांत वाय-फायच्या अँटेना पडद्याच्या कडेत बसविलेल्या असतात. मोठा पडदा जोडून लॅपटॉपचे झाकण मिटले, तर या अँटेना खाली दबतात.

चोर कसा पकडावा?

वहीत एक तक्ता आखा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा हे कळणार नाही. प्रत्येक स्थितीत निदान पाच वेळा मोजा आणि सरासरी काढा. मोजायचे काय? वाय-फायच्या सेटिंगमध्ये दिसणारा जोडणीचा वेग, आणि ‘पिंग’ या आज्ञेने राउटरकडून किंवा हॉटस्पॉटच्या मोबाइलकडून उत्तर यायला लागणारा वेळ. राउटरचा पत्ता सेटिंगमध्ये ‘गेटवे’ या नावाखाली सापडतो. बाहेरच्या इंटरनेटचा वेग मोजून मात्र भागणार नाही, कारण त्यात मनोऱ्यावरची गर्दीही मिसळलेली असते.

आता क्रमाने पुढे जा. (1) केबल काढून मोजा. (2) केबल जोडून, झाकण उघडे ठेवून मोजा. (3) झाकण मिटून मोजा. (4) पडद्याचे माप बदला. (5) हब किंवा डॉक लॅपटॉपपासून हातभर दूर ठेवा. (6) दुसरी, आखूड आणि चांगल्या कवचाची केबल लावा. (7) राउटर किंवा मोबाइल जवळ आणा. (8) सोय असेल तर वाय-फाय 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्या. हा पट्टा या गोंगाटापासून बराच दूर आहे. पण त्याचे तरंग भिंतींतून कमी पोहोचतात, हे ध्यानात ठेवावे. यातील बहुतेक प्रयोगांना एक पैसाही लागत नाही.

सह्याद्रीच्या पलीकडे, जुन्नर तालुक्यात खोडदजवळ, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ही जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असावा, हेही पाहिले गेले. आकाशगंगांकडून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की तेथील शास्त्रज्ञांना गोंगाटाचे उगम सतत शोधावे लागतात. तुमच्या टेबलावरचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

तक्ता पूर्ण झाल्यावर नीट पाहा. केबल जोडताच राउटरचे उत्तर उशिरा येऊ लागले, तर चोर घरातच आहे. नव्या राउटरवर खर्च करण्याचे कारण नाही. केबल असो वा नसो, राउटर तत्पर उत्तर देत असेल आणि तरीही तास अडखळत असेल, तर दोष घराबाहेर शोधावा. मग तक्रार जरूर करा आणि सोबत हा तक्ताही जोडा.