प्रचितगड : खाडीच्या उगमाकडे एक दिवस

शास्त्री खाडीच्या काठावर आमचं घर. भरती कधी, ओहोटी कधी, हे घरातलं लहान पोरही सांगेल. पण "हे पाणी येतं कुठून?" असं पुतणीने विचारलं तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. घरातले पुरुष मस्कत-कुवेत करून आले, पण घरामागच्या सह्याद्रीवर कुणीच चढलं नव्हतं. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी फजरची नमाज आटोपून आम्ही सहा जण निघालो. सर्वांत मोठी फुफू, सर्वांत लहान ती पुतणी.

संगमेश्वरहून कसबा, नायरी करत रस्ता शृंगारपूरला पोहोचतो. छत्रपती संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंचं हे माहेर. गावाच्या डोक्यावर प्रचितगड, आणि तिथून पुढे चांदोली राष्ट्रीय उद्यान. १९८५ साली अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल सुमारे ३१७ चौरस किलोमीटरचं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चारही जिल्ह्यांना ते लागतं. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यामुळे वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या, या दोन्हींशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आमच्या वाटाड्याने पहिला प्रश्न विचारला, "अत्तर लावलंय का कुणी?" भाईजानने नेहमीप्रमाणे लावलं होतं. कड्यांवर आग्यामोहळं असतात, वासाने माश्या उठतात, असं सांगून त्याने भाईजानला ओढ्यावर मान-मनगटं धुवायला लावली. मुलींनी दुपट्टे पाठीमागे गाठ मारून बांधले. रांग मोडायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही, आणि दुपारी दोनला परत फिरायचं, मग आपण कुठेही असू. एवढे त्याचे नियम.

ओढा ओलांडला की दाट झाडी, मग कारवीतून उभा चढ. मध्येच त्याने हात वर केला. फांदीवर झुपकेदार शेपटीचं शेकरू बसलं होतं. पुढे मातीत गव्याचे खूर उमटलेले. फुफूच्या पायात गोळे आले तेव्हा त्याने तिला बसवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं. पुतण्या म्हणाला, "आम्ही पुढे होतो." वाटाड्या शांतपणे म्हणाला, "गेलो तर सगळे, नाहीतर कुणीच नाही." अर्धा तास गेला, पण कुणी कुरकुरलं नाही.

बसल्या बसल्या फुफूने विचारलं, "भाऊ, ही वाट तुम्हाला इतकी पाठ कशी?"

"मावशी, बायकोचं माहेर वर घाटमाथ्यावर होतं. सणाला याच वाटेने जायचो, पोराला खांद्यावर घेऊन. जंगल राखीव झालं, गाव उठलं. आता तिकडे जायचं तर मलाही परवाना लागतो."

फुफू काही बोलली नाही. आमच्या मोहल्ल्यातही निम्म्या घरांना कुलूप आहे. पण ती माणसं आपल्या पायांनी गेली, आणि सुट्टीला येऊन कुलूप उघडतात.

शेवटची लोखंडी शिडी एकेकाने चढून आम्ही दीडच्या सुमारास गडावर पोहोचलो. वर जुन्या तोफा आणि कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. ते पाणी पिण्याचं, म्हणून टाक्यात हात न घालता बाटलीने पाणी काढून, लांब बसून, मोजक्या पाण्यात वुजू केला. जोहर पढून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली.

वाटाड्याने दोन्हीकडे हात दाखवला. या बाजूचं पाणी शास्त्रीत उतरतं, आमच्या दारावरून जयगडला समुद्राला मिळतं. त्या बाजूचं वारणेत जातं, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत मिसळतं आणि थेट बंगालच्या उपसागराला पोहोचतं. पुतणीला तिचं उत्तर मिळालं. दोन वाजता आम्ही उठलो.

तुम्ही जाणार असाल तर परवानगी आधी काढा. पावसाळा टाळा. माणशी तीन लिटर पाणी आणि पकड असलेले बूट घ्या. कचरा पिशवीत घालून खाली आणा. वर टाकलेलं पुढच्या पावसात आपल्याच खाडीत येणार आहे.

मगरिबच्या सुमारास आम्ही शृंगारपुरात उतरलो. वाटाड्याच्या घरी चहा झाला. फुफूने सुकटीची पुडी त्याच्या बायकोच्या हातात दिली. तिने विचारलं, "वरून आमच्याकडचा डोंगर दिसला का?"

"दिसला," फुफू म्हणाली. "हिरवागार आहे."

"असू दे," ती म्हणाली आणि फुफूच्या कपात आणखी चहा ओतला.