तिखट कान आणि बाजारातला गलका

लहरींच्या मागावर : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण दोन जाती पाहिल्या. एक, चॅनेलांवरून भराभर उड्या मारणारा स्कॅनर. दुसरा, किलोहर्ट्झपासून गिगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा सावकाश चाळणारा वाइडबँड रिसीव्हर. आता प्रश्न असा की, दोघांत कान कोणाचा तिखट?

माहितीपत्रकात याचं उत्तर मायक्रोव्होल्टमध्ये असतं. एका यंत्रापुढे ०.२५, दुसऱ्यापुढे ०.५. आकडा लहान तेवढा कान तिखट, म्हणून पहिलं घ्यावंसं वाटतं. पण आधी मोजपट्टी एकच आहे का ते बघा. एएमचा आकडा सहसा संकेत गोंगाटाच्या १० डेसिबल वर आला की धरतात. नॅरो एफएमचा १२ डेसिबल सिनॅडला, म्हणजे आवाजातला बिघाडही हिशेबात घेऊन. शिवाय कोणी अँटेनाच्या खोबणीवर प्रत्यक्ष पडणारा व्होल्टेज लिहितो, कोणी जोडणी मोकळी असतानाचा. हा दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट येतो. म्हणजे ०.२५ आणि ०.५ ही एकाच यंत्राची दोन मापंही असू शकतात!

आणि कान किती तिखट करावा, यालाही तळ आहे. कुठल्याही रोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची चुळबुळ अखंड चालू असते. १९२८ साली बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सन यांनी ती मोजल्याचं आणि नायक्विस्ट यांनी तिचं गणित मांडल्याचं प्रसिद्ध झालं. ५० ओहमच्या रिसीव्हरमध्ये १५ किलोहर्ट्झ रुंदीच्या फिल्टरमधून हा निसर्गाचा गोंगाट सुमारे ०.०५५ मायक्रोव्होल्ट भरतो. बरी यंत्रं या तळाच्या फार वर नसतात, त्यामुळे उरलेली चुरस थोडक्या डेसिबलांची.

ती चुरसही सगळीकडे कामाची नाही. ३० मेगाहर्ट्झखाली विजांचा कडकडाट, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर यांचा गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाला कधीच गिळून टाकतो. ४०० मेगाहर्ट्झच्या पुढे मात्र यंत्राचा स्वतःचा गोंगाट खरोखर आड येतो. तिथेही गच्चीवरून खाली आणलेली दहा मीटर साधी आरजी-५८ केबल निम्मी शक्ती वाटेतच खाते. महागड्या रिसीव्हरने कमावलेलं केबलने घालवलं.

खरी परीक्षा गलक्यात होते. मुंबईत १०७.१ मेगाहर्ट्झवर आकाशवाणीचं एफएम रेनबो आहे, ९३.५ वर रेड एफएम. दोन्ही जोरकस संकेत स्कॅनरच्या उघड्या दारातून एकदम आत शिरले की पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरचा तोल जातो आणि तिथे नसलेला तिसराच संकेत जन्माला येतो. गणित साधं आहे: १०७.१ ची दुप्पट २१४.२, त्यातून ९३.५ वजा केले की उरतात १२०.७. हा आकडा थेट विमानांच्या संभाषणाच्या, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. ऐकणारा म्हणतो, ‘काय संवेदनशील यंत्र आहे!’ आणि ऐकत असतो भूत.

बड्या वाइडबँड रिसीव्हरची किंमत इथे वसूल होते. त्याच्या दारावर पट्ट्यांनुसार वेगवेगळे फिल्टर राखण करतात. स्वस्त स्कॅनर हे दार बरंचसं सताड ठेवतो. आरटीएल-एसडीआर डोंगलची अडचण आणखी पुढची: त्याच्याकडे संकेत मोजायला आठ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. जोरकस स्टेशनने त्या व्यापल्या की बारीक संकेताच्या वाट्याला फार थोड्या उरतात.

घरच्या घरी दोन चाचण्या करा. रिसीव्हर एएम किंवा एसएसबीवर ठेवा, स्क्वेल्च उघडा, रिकामी फ्रिक्वेन्सी निवडा. अँटेना काढा, पुन्हा लावा. लावल्यावर खरखर स्पष्ट वाढली, तर कान पुरेसा तिखट आहे. त्या पट्ट्यावर आणखी तिखट घेऊन विशेष लाभ नाही. दुसरी चाचणी अटेन्युएटरच्या बटणाची. १० डेसिबल कापल्यावर खरा संकेत १० डेसिबलच उतरतो. आत जन्मलेलं वरच्यासारखं भूत मात्र ३० डेसिबल खाली येतं. कितीदा तरी असं होतं की कान थोडा बंद केल्यावरच हवं ते ऐकू येऊ लागतं.

एफएमचा पट्टा तेवढा कापणारा फिल्टर घरी कसा बांधायचा, ते पुढच्या लेखांकात.